अकरा नंबरची हजेरी

१

मुलुंडच्या नंदकुमार राजाध्यक्षांचा एक नियम होता, आणि त्यांच्या सायकल ग्रुपात काकांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सायकलने घाट चढायचा तर ज्याने त्याने आपापल्या दमाने चढावा, कुणी कुणासाठी खोळंबू नये, पण अर्ध्या वाटेवरच्या वळणावर हजेरी द्यायचीच. काका 'एक' म्हणायचे, पुढचा 'दोन', असं करत शेवटच्या माणसापर्यंत. सगळे आकडे आले की काका टेम्पोला हात करायचे आणि पाणी, केळी, पोह्यांचे डबे घेऊन टेम्पो माथ्यावर पुढे जायचा. एखादा आकडा आला नाही तर तोच टेम्पो मागे फिरायचा आणि राहिलेल्याला सायकलीसकट उचलून आणायचा.

ऐकायला किती शहाणपणाचं. पण आपल्या लोकांना कुठल्याही चांगल्या व्यवस्थेत चेष्टेची जागा बरोबर सापडते. टेम्पोतून माथ्यावर उतरणाऱ्याच्या गळ्यात केळ्यांच्या सालींचा हार घालायचा, फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा अशी पद्धत पडून गेली. चैतन्यला तो हार इतक्यांदा घातला होता की त्याला माप लागत नसे.

चैतन्य म्हणजे अकरा नंबर. अंगाने जड, स्वभावाने मऊ, चढ आला की खाली उतरून सायकल हातात धरून चालणारा. "आली का रे अकरा नंबरची बस?" म्हणून सगळे चिडवायचे आणि तोही हसायचा. दहा नंबर सुबोध परब. दोघं भांडुपला एकाच गल्लीत वाढले, एकाच कॉलेजात गेले, अंधेरीला एकाच ऑफिसात चिकटले. सुबोधला देवाने एकच कला दिली होती, नक्कल. कुणाचाही आवाज हुबेहूब काढायचा. कॉलेजात त्याने चैतन्यची प्रॉक्सी इतकी मारली की एकदा चैतन्य स्वतः वर्गात उभा राहून 'हजर' म्हणाला तेव्हा सरांनी त्याच्याकडेच संशयाने पाहिलं.

त्या रविवारी पळसघाटाच्या पायथ्याशी चैतन्य त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "आज टेम्पो नको यार. तो फोटो आईनेपण बघितला. मी येतो मागून हळूहळू. वळणावर माझा नंबर तू देऊन टाक ना."

"दिला समज," सुबोध म्हणाला.

२

वळणावर धुकं होतं. दोन सायकलींपलीकडचा माणूस दिसत नव्हता. सगळे हँडलवर वाकून धापा टाकत होते. सुबोधने आपला 'दहा' दिला, तोंड दरीकडे वळवलं, गळा थोडा सैल सोडला आणि चैतन्य म्हणायचा तस्संच म्हणाला, "अकरा. आलो आलो."

काकांनी टेम्पोला हात केला. टेम्पो वर गेला.

चैतन्य तेव्हा वळणाच्या खालच्या बाजूला, जिथे कठडा तुटलेला होता तिथून घसरून दरीच्या कडेला पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं. माथ्यावर पोहे झाले, चहा झाला, तरी तो येईना म्हटल्यावर काका उठले. "वळणावर होता ना, म्हणजे वरच्याच टप्प्यात असणार," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी वरचा टप्पा पिंजून काढला. सुबोध एकदा म्हणाला, "खाली पण बघूया का?" पण ते इतकं हळू की शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही. मोठ्याने म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. उन्हं कलल्यावर एका गुराख्याला झुडपात सायकलचं चाक दिसलं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, थोडं आधी आणलं असतं तर हातात होता.

स्मशानात चैतन्यच्या आईने काकांना एवढंच विचारलं, "तुम्ही मोजलं नव्हतं का हो?"

"मोजलं होतं. त्याने ओ दिली होती, मी ऐकली."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. सुबोधनेही घातली.

तेव्हापासून काका एकच वाक्य धरून बसले. मी ऐकलं. लोक आधी म्हणाले, म्हाताऱ्याचे कान गेले. कान तपासले, ठणठणीत निघाले. मग लोक म्हणाले, डोकं गेलं. ग्रुप मोडला, काहींनी सायकली विकल्या, आणि वर्षभरात ताठ चालणारा माणूस असा खचला की संध्याकाळी गॅलरीत उभा राहून एकटाच आकडे म्हणायला लागला. अकराशी आला की थांबायचा, कान द्यायचा, आणि परत पहिल्यापासून.

एका वाक्याचं काम होतं. "काका, तो आवाज माझा होता." सुबोध ते सांगायला दोनदा मुलुंडला काकांच्या घरी गेला. दोन्ही वेळा मृणालिनीकाकूंच्या हातचा शिरा खाऊन आणि काकांच्या तब्येतीची चौकशी करून परत आला. दुसऱ्या वेळी निघताना काकू दारात म्हणाल्या, "तू तरी येतोस रे. बाकी सगळ्यांनी पाठ फिरवली." त्या शिऱ्याची चव त्याच्या तोंडातून दोन दिवस जाईना.

३

सायकल मात्र त्याने सोडली नाही. सोडली तर लोक विचारतील, का सोडलीस म्हणून. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. सकाळी उजाडताना भांडुपहून निघायचं, पवईवरून आरेत शिरायचं, दिंडोशीला बाहेर पडायचं, असा त्याचा फेरा होता.

आरेतल्या चढावर एक दिवस त्याला मागून टिकटिक ऐकू आली.

आता सायकल चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. पायडल मारायचं थांबवलं आणि सायकल नुसती धावत राहिली की मागच्या चाकातून टिकटिक येते. म्हणजे उतारावर. चढावर पाय थांबले की सायकलच थांबते, टिकटिक कसली? चढावर हा आवाज एकाच प्रकारे येऊ शकतो. कुणी सायकल हातात धरून चालत असेल तर.

सुबोधने हाच विचार केला. असेल कुणीतरी दमलेला, चालतोय बिचारा. त्याने जोर लावला. चालणारा माणूस मागे पडायला हवा होता. टिकटिक तेवढ्याच अंतरावर राहिली. त्याने वळून बघितलं तर रस्ता लांबपर्यंत मोकळा, एक दुधाची गाडी तेवढी वळणाआड जाताना दिसली. त्याने ब्रेक दाबून पाय टेकले. मागचा आवाजही थांबला, पण लगेच नाही. आणखी दोन टिकटिक झाल्या आणि मग थांबला.

आपल्याच चाकाचा आवाज झाडांवर आपटून येतोय, त्याने स्वतःला समजावलं. मागचं चाक बदललं. नवं चाक मुकं होतं, अजिबात वाजत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आरेत शिरला आणि चढ लागला तशी मागून सावकाश, दमल्यासारखी टिकटिक सुरू झाली. या वेळी त्याने वळून बघितलं नाही. त्याला भीती वाटली, आणि भीतीहूनही जास्त लाज वाटली, कारण ती चाल त्याच्या ओळखीची होती. थोडं चालायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा, परत चालायचं.

४

त्याने आरेत जाणं बंद केलं. सायकल घराबाहेरच्या पॅसेजमध्ये साखळीने बांधून ठेवली.

पुढच्या रविवारची दुपार. जेवणं झाली होती, सुबोध सोफ्यावर आडवा झाला होता, बायको प्रांजल कपड्यांच्या घड्या घालत होती. इमारतीत रविवार दुपारची शांतता होती, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर तेवढा वाजत होता. जिन्यातून आवाज यायला लागला. दोन-तीन टिकटिक, मग धप्प असं चाक पायरीवर ठेवल्याचं, मग परत टिकटिक. मजला आला की थांबायचा, बराच वेळ थांबायचा.

"कोण सायकल चढवतंय या उन्हात?" प्रांजल म्हणाली. "लिफ्ट बंद आहे का?"

सुबोध उठून बसला. तिलाही ऐकू येतंय म्हटल्यावर त्याला बरं वाटलं, पण क्षणभरच. आपलं डोकं फिरलं असतं तर परवडलं असतं.

आवाज त्यांच्या मजल्याच्या खालच्या वळणापर्यंत आला आणि थांबला.

"दार उघड ना. पाणी तरी विचार त्याला."

तो दारापाशी गेला. कडीवर हात ठेवला. पलीकडे काहीच नव्हतं, ना श्वास, ना पाऊल, फक्त थांबलेल्या माणसाचं थांबणं होतं. त्याने हात काढून घेतला.

"गेला वाटतं," तो म्हणाला.

"कुठे गेला? उतरताना ऐकू नको यायला?" प्रांजलने एवढं बोलून पुढची चादर उचलली. तिच्या लेखी विषय संपला होता. सुबोध संध्याकाळपर्यंत जिन्याकडे कान लावून बसला. वर आलेला आवाज काही केल्या खाली गेला नाही.

५

त्याच आठवड्यात मृणालिनीकाकूंचा फोन आला. "डॉक्टर म्हणतायत, एकदा त्यांना घाटात घेऊन जा. तिथे काही ऐकू आलं नाही की डोक्यातून निघून जाईल. मी एकटी कुठे नेऊ? तू येशील?"

"येतो ना काकू," सुबोध म्हणाला. नाही म्हणायचं तोंड कुठे होतं त्याला? पण त्याने मनाशी पक्कं केलं, वळणावर पोचायचं आणि सांगून टाकायचं. शिव्या घालू देत, मारू देत, पोलिसात देऊ देत. खाई त्याला खवखवे म्हणतात, आता खवखव सोसवत नव्हती.

काका निघताना नवी बॅटरी घातल्यासारखे दिसत होते. हेल्मेट, हातमोजे, बाटलीत लिंबूपाणी. "मृणाल, संध्याकाळपर्यंत येतो गं," त्यांनी पायऱ्या उतरता उतरता सांगितलं. गाडीच्या मागे दोन्ही सायकली बांधून दोघं मुरबाडच्या पुढे आले. पायथ्याच्या गावात गाडी लावली आणि चढायला लागले. वाटेत काका चैतन्यबद्दलच बोलत राहिले. पोरगं कसं सगळ्यांना चिक्की वाटायचं, कसं टेम्पोत बसल्यावर रुमालाने तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसायचं.

"मला दिसायचं रे ते," काका म्हणाले. "पण हार घालताना मीही हसायचो."

सुबोधने मान खाली घालून पायडल मारलं. मागे अजून काही वाजत नव्हतं.

६

वळण तसंच होतं. कठडा तेवढा नव्याने बांधला होता. दुपार होती तरी दरीतून धुकं वर सरकत होतं.

काका सायकलवरून उतरले, हेल्मेट काढून काखेत धरलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "एक." मग प्रत्येकाला बोलायला लागेल एवढा वेळ सोडत, नसलेल्या माणसांकडे बघत ते थांबत गेले. सुबोधने आपल्या जागी आपला 'दहा' दिला.

काका कान देऊन उभे राहिले. खाली कुठेतरी पाणी वाहत होतं. बाकी काही नाही.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "म्हणजे मीच."

"काय काका?"

"म्हणजे मोजताना मीच चुकलो. नसलेलं ऐकलं. पोर मीच मारलं रे सुबोध." आणि तो उंच माणूस कठड्याला धरून हुंदके द्यायला लागला.

वाक्य सुबोधच्या जिभेवर होतं. याच्याहून सोपी वेळ देव कुणाला देत नाही. पण सांगितलं की हेच तोंड वर होणार, हेच डोळे आपल्याकडे वळणार, हे त्याच्या मनात आलं आणि त्याचं अवसान गळालं. रडू तर थांबवायला हवं होतं. त्याने तोंड दरीकडे वळवलं. गळा सैल सोडला.

"अकरा. आलो आलो."

काकांचं रडू जागच्या जागी थांबलं. "ऐकलंस?"

"ऐकलं," सुबोध म्हणाला, आणि स्वतःची शिसारी येऊन त्याने डोळे मिटून घेतले.

काकांच्या चेहऱ्यावर वर्षभराने रंग आला. ते कठड्यावर बसले, बाटली काढली, दोन घोट प्याले, पण उठायचं नाव घेईनात. धुकं रस्त्यावर आलं.

"चला काका, निघूया."

"येतोय ना तो. मागच्या वेळी मी थांबलो नाही. आता त्याला घेतल्याशिवाय हलायचं नाही."

सुबोधने विनवलं, हात धरून ओढलं, काकूंची आठवण करून दिली. म्हातारा हलेना. शेवटी त्याने त्यांच्यासमोर रस्त्यावर बैठक मारली आणि सगळं सांगितलं. पायथ्याशी चैतन्य काय म्हणाला ते, तेव्हाची हजेरी, आत्ताची हजेरी, शिरा, सगळं. सांगता सांगता तो रडला.

काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "चांगला आहेस तू. मला घरी न्यायचं म्हणून स्वतःवर घेतोयस."

"खरं सांगतोय काका, आईची शपथ."

"बरं, मग काढ त्याचा आवाज. माझ्याकडे बघून काढ."

सुबोधने तोंड उघडलं. काका त्याच्या ओठांकडे बघत होते.

"अकरा," वळणाच्या खालून आवाज आला. "आलो आलो."

सुबोधचे ओठ हलले नव्हते. काकांनी ते पाहिलं होतं, आणि ते समाधानाने हसले.

मग टिकटिक सुरू झाली. खालून, सावकाश, न थांबता. काका उठून कपडे झटकत वळणाकडे निघाले. "दमला असशील," ते धुक्यात बोलले. "ये, मी धरतो सायकल."

धुक्याच्या कडेला पुढचं चाक दिसलं. त्याच्यामागे दोन गुडघे दिसले. गुडघे हलत नव्हते, आणि सायकल चढ चढत होती. गुडघ्यांच्या वर सुबोधने बघितलं नाही. काकांची पाठ त्या दिशेने गेली, पुसट झाली, आणि धुक्याने ती झाकली. टिकटिक थांबली. काका कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते, आणि पलीकडून उत्तर येत होतं.

जायला हवं होतं. दोन ढांगा टाकून म्हाताऱ्याचा दंड धरायला हवा होता. सुबोधने सायकल उचलली आणि वरच्या दिशेने पळवली. वर माणसं असतील, मदत घेऊन येतो, असं तो स्वतःशी म्हणत होता. पण मदतीसाठी निघालेला माणूस निदान एकदा तरी हाक मारतो. त्याने एकदाही मारली नाही.

७

माथ्यावर ऊन होतं. टपरीत दोन ट्रकवाले चहा पीत होते, स्टोव्ह फरफरत होता, एक बाई भजी तळत होती.

"एकटेच काय?" बाईने विचारलं.

"नाही," सुबोध म्हणाला, "मागून येतायत."

आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं, आणि ते दुरुस्त करायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. माथ्यावर रेंज येत होती. काकू होत्या.

"पोचलात का रे वर?"

"हो काकू."

"दोघं?"

समोर ट्रकवाले होते, दोर होता, टॉर्च होती, धट्टीकट्टी माणसं होती. एक शब्द पुरला असता. तो शब्द उच्चारायचा तर पुढचे सगळे उच्चारावे लागले असते, मागच्या वर्षीपासूनचे.

"दोघं," सुबोध म्हणाला.

"काही ऐकू आलं का त्यांना? बरे आहेत ना? दे बघू त्यांच्याकडे फोन, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही माझा."

सुबोधने फोन कानापासून थोडा दूर धरला. टपरीच्या मागे जाऊन तोंड दरीकडे वळवलं. हे आपण करत नाही आहोत असं त्याला वाटत होतं, आणि गळा मात्र आपोआप जड होत होता.

"बोल, मृणाल," तो काकांच्या आवाजात म्हणाला. "बरा आहे मी. काही ऐकू आलं नाही."

पलीकडे काकू रडल्या, मग हसल्या.

"आज किती मोकळा वाटतोय हो तुमचा आवाज," त्या म्हणाल्या. "या तुम्ही. मी जेवायची थांबते."